केबलची घडी अजून मोडलेली नाही

अहो, ऐकलंत का? थांबा, जरा इकडे या, कुंपणापाशी. त्यांच्या किचनची खिडकी उघडी आहे आणि माझा आवाज कसा आहे तो तुम्हाला ठाऊकच आहे. काही नाही हो, कोपऱ्यावरच्या वहिनींची गाडी. ती पांढरी, मोठी, मागच्या दारावर ‘प्राइम’ लिहिलेली. गेल्या गणपतीत त्यांच्याकडे आरतीला होतात ना तुम्ही? नव्हतात? हां, इंडियाला गेला होतात! मग तुमचं फारच राहून गेलं. पहिल्यापासून सांगते. नावं नाही घेत हं मी कुणाची, एडिसन केवढंसं!

तर कोपऱ्यावरचे आणि आपल्या बरोब्बर समोरचे, दोघांनाही एकाच वेळी एकच गाडी हवी झाली. टोयोटाची रॅव्ह-फोर प्राइम. २०२० मध्ये ती आली तेव्हापासून दोघांच्या तोंडी दुसरा विषय नाही. आपण बायका आत वडे तळतोय आणि हे दोघे डेकवर उभे. ४२ मैल नुसत्या विजेवर! वीज संपली की आपोआप गॅसवर! दोन्ही भरून निघालं की ६०० मैल! ३०२ हॉर्सपॉवर! आमचे हे बटाटेवडा तोंडात धरून म्हणाले, “तीनशे दोन घोडे जुंपून जाणार कुठे? पटेल ब्रदर्सलाच ना?” दोघांनी असं काही पाहिलं ह्यांच्याकडे… महिनाभर आम्हाला कॅरमला बोलावणं नव्हतं.

टेस्ला का नको, तर समोरच्यांची बहीण बफेलोला. तिकडे जाताना वाटेत चार्जर शोधत बसायचं नाही म्हणे त्यांना. आणि कोपऱ्यावरच्यांचं काय, समोरचे घेणार म्हटल्यावर त्यांना घ्यायलाच हवी. ते तर तुम्हाला माहीतच आहे, डेक कुणी आधी बांधला आणि मग कुणी तो दोन फूट मोठा बांधला.

गाडी मिळत कुठे होती पण! चिप्स नाहीत, बोटी अडकल्यात, नाव लिहून ठेवा, फोन करू. स्टिकरवरच्या किमतीच्या वर पाच-पाच हजार मागत होते डीलर, आणि लोक देत होते. वर थँक्यू म्हणत होते!

तर काय सांगत होते… हां, २०२२ चा ऑगस्ट. बायडनचं ते बिल. गाडी उत्तर अमेरिकेत जुळवलेली नसेल तर साडेसात हजारांचं टॅक्स क्रेडिट सहीच्या दिवसापासून बंद. आणि ही गाडी येते थेट जपानहून! सही व्हायच्या आधी ज्याचा डीलरशी पक्का करार झालेला असेल, त्यालाच जुन्या नियमानं ७,५०० मिळणार. शुक्रवारी, १२ तारखेला, हाऊसमध्ये बिल पास झालं. रात्री साडेनऊला मी टीव्हीसमोर मटकी निवडत बसले होते, तर समोर आणि कोपऱ्यावर दोन्हीकडचे दिवे भराभर लागले. म्हटलं, कुणाला बरं नाही की काय!

झालं होतं असं, की हायवेवरच्या त्या डीलरकडे दोन गाड्या येणार होत्या बोटीवरून आणि दोघांचीही नावं यादीत लागली होती. फक्त जाऊन सही करायची. आता समोर त्या वेळी कोण आलेलं होतं? सासूबाई! सांगलीहून, सहा महिन्यांसाठी. शनिवारी सकाळी मुलगा किल्ली घेऊन निघाला तशा त्या दारात उभ्या. “शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही.”

तो म्हणाला, “आई, लोखंड नाही आणत, कागद आणतोय.”

“कशाचा कागद? लोखंडाचाच ना?”

वहिनींनी स्वतः सांगितलंय मला हे, पदरचं एक अक्षर नाही. बरं, तो बिचारा म्हणाला, ठीक, उद्या जातो. उद्या रविवार! आपल्या न्यू जर्सीत रविवारी गाडी विकायला कायद्यानं बंदी, हे वीस वर्षं इथे राहून त्याच्या लक्षात नाही! डीलरच्या दारापर्यंत जाऊन परत आला म्हणे. राहिला सोमवार. १५ ऑगस्ट, शिवाय श्रावणी सोमवार. सासूबाईंची काही हरकत नव्हती सोमवारला, उलट उत्तम दिवस म्हणाल्या. पण ह्याचं ऑफिसात काहीतरी रिलीज होतं. म्हणाला, उद्या सकाळी जाऊ, वॉशिंग्टनमध्ये कुणी एवढी पटापट कामं करतं का?

केली की हो! मंगळवारी, १६ तारखेला बायडननी सही ठोकली. आणि ह्याची ती ‘सकाळ’ उजाडली संध्याकाळी पाचला. मी नेमकी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवत होते. गाडी ड्राइव्हवेत आली, इंजिन बंद झालं, पण हा उतरेचना. दहा मिनिटं तसाच स्टिअरिंग धरून बसून. आत सासूबाईंनी टीव्हीवर मालिका लावलेली, गाण्याचा आवाज बाहेरपर्यंत. मला कसंसंच झालं, पण डबा ठेवायला वेळ लागतो ना, मी तिथेच होते.

आणि कोपऱ्यावरचे? त्यांनी सोमवारी लंच अवरमध्ये सही केली, डिपॉझिट भरलं, आणि संध्याकाळी ओक ट्री रोडवरून पेढे! “झेंडावंदन आणि सही एकाच दिवशी,” म्हणत घरोघरी. समोरही नेले हो पेढे. मंगळवारी नाही, सोमवारीच नेले, म्हणजे मनात तसं काही नसणार. पण बुधवारी परत त्या वहिनी डबा न्यायला समोर गेल्या आणि तिथे उभं राहून विचारलं, “मग, तुमचं कधी?” आता हे विचारायचं असतं का?

पण ऐका. साडेसात हजार मिळाले ते काही हातात मिळाले नाहीत. गाडी आली दिवाळीच्या सुमाराला, क्रेडिट मिळालं पुढच्या एप्रिलमध्ये टॅक्स भरताना, तो ८९३६ नंबरचा फॉर्म जोडून. आणि स्टिकरच्या वरचे पाच हजार डीलरनं आधीच काढून घेतलेले. हे त्या वहिनी भिशीत स्वतःच बोलून गेल्या आणि मग जीभ चावली. आमच्या टेस्लावाल्या वहिनी, त्यांना तर काय, हिशेब तोंडावर. म्हणाल्या, “म्हणजे पेढे अडीच हजारांचेच होते तर!”

अगं बाई, दूध उतू तर नाही ना जात माझं? नाही, मंद आहे गॅस. तर काय सांगत होते…

गणपती. गेल्या वर्षीचे. कोपऱ्यावर दीड दिवसाचा असतो, मखर छान केलं होतं, त्यात दिवे सोडायचे होते आणि वायर पुरेना. आरती तोंडावर आलेली. तर ते म्हणाले, “अरे, गाडीच्या डिकीत एक्स्टेंशन असेल बघ.” समोरच्यांचा धाकटा, बाराएक वर्षांचा, धावत गेला आणि एक काळी पिशवी घेऊन आला. सगळ्यांसमोर उघडली. आत काय? चार्जरची केबल! गुंडाळलेली, जशीच्या तशी, त्या वेढ्यांवर कंपनीची पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद. पट्टीचं एक टोकसुद्धा उचकटलेलं नाही हो! मुलगा भाबडा, मोठ्यानं म्हणाला, “काका, हे तर चार्जर आहे. तुम्ही अजून उघडलंच नाहीये?”

एवढी शांतता पसरली… हातातली घंटा तशीच धरून उभे सगळे. वहिनी म्हणाल्या, “अरे ती स्पेअर आहे.” समोरच्या वहिनी तबक हातात घेऊन, अगदी गोड आवाजात, “हो का? मग रोजची कुठाय?” आणि तोवर सासूबाई, त्या पुन्हा आल्या होत्या ना सहा महिन्यांसाठी, खुर्चीवरून म्हणाल्या, “काय पैठणी आहे होय, घडी मोडवत नाही?”

मी दाराशी होते, मला तर हसू आवरेना, मी सरळ चपला घालून बाहेरच गेले. परत आले तेव्हा ‘सुखकर्ता’ सुरू झालेलं आणि कोपऱ्यावरचे टाळ्या अशा वाजवत होते की जणू त्या गाडीलाच.

बिचाऱ्यांची बाजूही सांगायला हवी म्हणा. प्लग लावायचा म्हणजे गाडी गॅरेजमध्ये जायला हवी ना? त्यांच्या गॅरेजमध्ये मुंगी शिरत नाही. कॉस्टकोचे पेपर टॉवेल, ट्रेडमिल, इंडियाला न्यायच्या सहा बॅगा, मुलीचं पाळण्यापासूनचं सगळं. सॉकेट आहे, पण ते डीप फ्रीजरच्या मागे. फ्रीजर हलवायचा तर आधी ट्रेडमिल हलवायला हवा, ट्रेडमिल हलवायचा तर… सोडा. तेव्हा तीन वर्षं ती गाडी गॅसवरच चालली. तशीही ३८ चं ॲव्हरेज देते, वाईट काहीच नाही. पण मग साधी हायब्रिड का नाही घेतली, ती हजारो डॉलर स्वस्त होती? ती ४२ मैलांची बॅटरी गावभर नुसती मिरवायची!

माझी नणंद असते इंग्लंडमध्ये, स्लाऊला. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, यात नवीन काय? तिकडे कंपन्यांनी सवलतीपायी असल्या गाड्या घाऊक घेतल्या होत्या, २०१८ मध्ये बातमी आली की कितीतरी गाड्या परत आल्या तेव्हा केबल पाकिटातच. आणि त्याच सुमाराला सरकारनं प्लग-इनवरची ग्रँट बंद केली. म्हणजे आपले कोपऱ्यावरचे एकटे नाहीत. मी त्यांना सांगणार होते धीर द्यायला, पण आमच्या ह्यांनी डोळे वटारले.

आता समोरच्यांचं ऐका. त्यांनी अखेर २०२३ च्या दसऱ्याला घेतली, तीन वर्षांच्या लीजवर. लीजवर जपानची गाडी असली तरी क्रेडिट लीज कंपनीला मिळत होतं आणि कंपनी ते किमतीतून वळतं करत होती. म्हणजे सासूबाईंचा मुहूर्तही साधला आणि पैसेही! कोपऱ्यावरच्यांना हे कळलं तेव्हा ते लॉनला पाणी घालत होते. नळी हातात तशीच, बूट भिजले. मी पाहिलंय.

आणि समोरच्यांची भक्ती म्हणजे काय विचारता! पूजेच्या दिवशी चाकाखाली लिंबू तर होतंच, पण सासूबाईंनी त्या चार्जरच्या मुठीलाही हळदकुंकू लावलं. अजून फटीत पिवळं दिसतं, बघा कधी. रोज संध्याकाळी गाडी आत, उजव्या बाजूचं मागचं झाकण दाबायचं, प्लग खटकन बसला की नाही ते ऐकायचं, आणि मगच जेवण. प्रिन्स्टनचं ऑफिस, जाऊन-येऊन चाळीसच्या आतबाहेर. घरी येताना एकदोन मैल शिल्लक राहिले की तो वहिनींना फोटो पाठवतो. लग्नाचा वाढदिवस विसरतो, पण हा फोटो नाही विसरत, असं त्याच म्हणाल्या. आणि आपल्याकडे तर गॅस आपल्या हातानं भरायचीही बंदी, त्यामुळे पंपावरचा सरदारजी सगळ्यांना ओळखतो. त्यानं म्हणे एकदा विचारलं, “भाभीजी, इंडिया गये थे क्या?”

पण सुरुवातीला काय झालं माहितेय? साध्या सॉकेटवर पूर्ण भरायला १२ तास लागतात. आणि त्या सॉकेटच्याच वायरवर त्यांचा डीप फ्रीजर. रात्री कधीतरी ब्रेकर पडला. दुसऱ्या दिवशी लाँग वीकेंडला हे सगळे बफेलोला. परत आले तर… किसलेला नारळ, पुरणाचे गोळे, सांगलीहून आणलेली ती हुरड्याची पाकिटं. सगळं! वास माझ्या डेकवर येत होता. मग इलेक्ट्रिशियन बोलावला, २४० व्होल्टची वेगळी लाइन टाकून घेतली, आता साडेचार तासांत भरते. त्याचे किती घेतले ते मात्र सांगत नाहीत. तीनदा विचारलं मी, दर वेळी चहाच टाकतात.

आणि थंडीत ते ४२ मैल कुठले राहायला? तिशीवर येतात. शिवाय पुढच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. त्यामुळे जानेवारीत तो माणूस काच फडक्यानं पुसत बसलेला असतो, बटण दाबत नाही! वहिनी शेजारी टोपी, मफलर, मांडीवर ब्लँकेट. मी म्हटलं, “अहो, एवढी पन्नास हजारांच्या घरातली गाडी, लावा ना हीटर.” तर म्हणाल्या, “सीट गरम होते, तेवढं पुरे असं ह्यांचं म्हणणं.” चेहरा कसा झाला होता सांगू!

खरी मजा तर पुढेच आहे. गेल्या महिन्यात आमच्या ह्यांनी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला, दोघे समोर बसलेले. ही गाडी विजेवर १०० मैलांना ३६ युनिट खाते, म्हणजे ४२ मैलांना साधारण १५. युनिटला २० सेंट धरले तर तीन डॉलर. तेवढेच मैल गॅसवर म्हणजे एक गॅलनहून थोडा जास्त. गॅस तीन डॉलर धरला तर सव्वातीन-साडेतीन. फरक किती? तीसचाळीस सेंट! आणि २०२५ च्या जूनपासून आपली विजेची बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली ती वेगळीच. समोरचा नॅपकिनकडे बघतच राहिला. आणि कोपऱ्यावरचे? तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून दुसरा कप चहा मागितला.

पण हे पूर्ण खरं नाही हो. मी मध्ये बोललेच. म्हटलं, तुमची आधीची व्हॅन २० चं ॲव्हरेज द्यायची, तिच्याशी तुलना करा की! निम्मा खर्च वाचला. शिवाय गॅस पुन्हा चारच्या वर गेला, की हाच नॅपकिन उलटा वाचायचा. आणि सकाळी सहाला ती गाडी ड्राइव्हवेतून निघते ना, आवाज म्हणून येत नाही. कोपऱ्यावरची निघाली की आमचा कुत्रा भुंकतो. हे नॅपकिनवर कुठे लिहिणार?

टेस्लावाल्या वहिनी मात्र हल्ली गप्प असतात. २०२४ च्या जुलैपासून पूर्ण विजेच्या गाडीला आपल्या राज्यात वर्षाला २५० डॉलरची जादा फी बसली आहे आणि दरवर्षी ती दहादहा डॉलरनी चढतेय. ह्या प्लग-इनवाल्यांना ती नाही. कोपऱ्यावरच्या वहिनींनी भिशीत तो विषय काढलाच. पेढ्यांचं उट्टं!

आता ताजी बातमी. समोरच्यांची लीज यंदाच्या दसऱ्याला संपतेय. हीच गाडी विकत घ्यायची, की नवीन घ्यायची? नवी आलीय ती विजेवर ५० मैलांपर्यंत जाते म्हणतात. पण क्रेडिट सगळी ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली, लीजची पळवाटही गेली, आणि जपानहून येणाऱ्या गाडीवर आता १५ टक्के टॅरिफ. तो एक्सेल शीट घेऊन बसलाय. सासूबाईंचं व्हिडिओ कॉलवर स्पष्ट मत, चालती गाडी बदलू नये. मला विचाराल तर ह्या वेळी म्हातारीचं बरोबर आहे. घरची लाइन टाकून झालीय, सवय लागलीय, बॅटरीला काही झालेलं नाही. आहे तीच ठेवावी.

आणि कोपऱ्यावर काय चाललंय ठाऊक आहे? शनिवारपासून गॅरेजचं दार उघडं आहे! ट्रेडमिल ड्राइव्हवेत आलाय, ‘फ्री’ची पाटी लावून. नक्कीच प्लग लावणार आता, आज ना उद्या. तुम्हाला ट्रेडमिल हवा असेल तर आजच उचला, उद्या पाऊस आहे.

तुमच्या जावयाला घ्यायचीय ना अशी गाडी? मग त्याला एवढंच सांगा, रंग आणि सनरूफ नंतर बघ, आधी गॅरेजमधलं सॉकेट बघ आणि त्या वायरवर आणखी काय चालतं ते इलेक्ट्रिशियनला विचार. रोज रात्री प्लग लावायचा कंटाळा येणार असेल तर सरळ साधी हायब्रिड घे.